ड्रायव्हर साइडची खुंटी

"धर, धर! सोडू नको रोहन्या! सुटली तर थेट नाकावर येईल!"

"धरलीय की! तूच स्क्रू उलटा फिरवतीयस!"

"काढताना उलटाच फिरवतात, शहाण्या!"

तळेगाव ढमढेरेच्या बाजारपेठेत 'सुरेखा कुशन वर्क्स' नावाचं एक लांबट दुकान आहे. जीपची सीट फाटली, ट्रकची ताडपत्री उसवली, स्कूलबसचा फोम बसला, की माणसं तिथं येतात. दुकान पूनमच्या आईचं. पूनम तेरा वर्षांची आणि सुटीत ती दुकानातच असते. तिच्याबरोबर हुज्जत घालणारा रोहन हा तिचा मामेभाऊ. तो बारा वर्षांचा. त्याचे बाबा सणसवाडीच्या एका कंपनीत माल तपासायच्या कामावर आहेत, त्यामुळे हा प्रत्येक गोष्ट ठोकून, वाकवून, मोजून बघतो आणि वर 'ओके' किंवा 'रिजेक्ट' म्हणतो. परवा त्यानं आत्याच्या भाकरीलाही 'ओके' म्हटलं होतं आणि लाटण्याचा फटका खाल्ला होता!

दुकानाच्या मधोमध तिसरी उभी होती, समोरच्या घरातली मोनाली. वय वर्षं आठ. अंगात जरीचा घागरा, डोक्यात दोन गजरे. आज तिच्या दादाचं, नवनाथचं लग्न होतं आणि ती करवली होती. घागरा चुरगळेल म्हणून कुठंही बसायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. म्हणून ती सकाळपासून खांबासारखी उभी होती.

"पूनमताई, ही जाळी कशाला लागती गाडीला? डास येतात का?"

"डास न्हाई, वारा! गाडीला टप नसतो ना? मग गाडी पळाली की वारा वरून उलटा फिरून मानेवर येतो. ही जाळी पुढच्या सीटच्या मागं उभी करायची. ती वारा गाळून घेती."

"चहासारखा?"

"चहासारखा."

ती जाळी म्हणजे सीटच्या रुंदीची पाइपाची चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेलं काळं जाळीदार कापड. खाली दोन टोकांना दोन खुंट्या. त्या गाडीच्या बाजूंच्या भोकांत 'टक्' करून बसल्या की चौकट ताठ उभी राही. गाडी शिक्रापूरच्या रविराजशेठची. टप उघडणारी, जुनी, परदेशी. पंचक्रोशीतले निम्मे नवरदेव तिच्यातूनच मिरवत. पण नवरदेव काही नुसता बसत नाही. तो उभा राहतो, हात हलवतो, आणि तोल सांभाळायला हीच चौकट घट्ट पकडतो. वाऱ्यासाठी केलेल्या वस्तूला कठडा करायचं, हे आपल्याकडंच सुचावं! त्यापायी कापड फाटलं होतं आणि एक खुंटीही गेली होती.

आदल्या दिवशी गाडीचा ड्रायव्हर संपत मोटारसायकलवरून नुसती चौकट टाकून गेला होता. सोबत चिठ्ठी होती. 'जाळी शिवणे. ड्रायव्हर साइडची खुंटी बदली करणे. अर्जंट.'

कापड आईनं स्वतः शिवलं. दुहेरी टाका, कडेला पट्टी. खुंटी तिनं लेथवाल्याकडून नायलॉनची करून आणली आणि पूनमला म्हणाली, "एवढी तू बसव. मी स्कूलबसच्या सीटा संपवते."

ड्रायव्हर साइड म्हणजे उजवी. हे दुकानात येणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. उजवी ती ड्रायव्हर साइड, डावी ती क्लीनर साइड. पूनमनं चौकट गाडीत असते तशी उभी केली, उजवीकडची खुंटी काढून डब्यात टाकली आणि नवी बसवून स्क्रू गच्च आवळला.

"ओके!" रोहननं शिक्का मारला.

तेवढ्यात दारात मोटारसायकल कचकन थांबली.

"झाली का जाळी? द्या लवकर! गाडी तिकडं फुलवाल्याकडं उभीय!" संपतमामा गाडीवरून उतरलेसुद्धा नाहीत. आईनं चादरीत गुंडाळलेली चौकट त्यांच्या पाठीला बांधली आणि ते धुरळा उडवत गेलेसुद्धा.

दोन वाजता मारुतीच्या देवळापासून वऱ्हाड निघालं. लग्न संध्याकाळच्या मुहूर्ताचं, दौंडला. पूनम आणि रोहन दुकानाच्या पायरीवरून टाचा उंचावून बघत होते, पण गर्दी एवढी की गाडी दिसेचना. दिसला तो फुलांचा एक डोंगर आणि त्यातून हलणारा मोनालीचा बांगड्यांचा हात.

"ताईऽऽ! मी मागच्या सीटवर!" ती ओरडली.

एके काळी या पेठेतून वऱ्हाडं बैलगाड्यांतून निघायची. न्हावऱ्याला पोचेपर्यंत उन्हं कलायची, आणि चाक निखळलं तर माणूस फार तर मऊ मातीत पडायचा. आता वेग आला होता.

वाजंत्री लांब गेली. आई मशीनवर बसली. ती तिघं संध्याकाळी आईच्या छोट्या टेम्पोतून लग्नाला जाणार होती. तोवर रोहनला काहीतरी उद्योग हवा होता. त्यानं डब्यातून जुनी खुंटी काढली.

"बघू तरी कुठं मोडलीय."

त्यानं ती उन्हात धरली, नखानं खरवडली, दगडावर आपटली. मग हातोडी घेऊन दोन घाव घातले. ठण्! ठण्!

"पूने."

"काय?"

"ही मोडलेली न्हाई."

"काहीतरीच! बघ, चीर असंल."

"चीर न्हाई, झीज न्हाई, कायच न्हाई! ही ठणठणीत हाय. हिला रिजेक्ट कुणी केलं?"

पूनमनं खुंटी हातात घेतली. खरंच की! गुळगुळीत, घट्ट, कुठं ओरखडासुद्धा नाही. तिनं ती पुन्हा फिरवून पाहिली.

"आपण चौकट उलटी तर धरली नव्हती?"

"न्हाई. घडी घालायची कडी मागच्या बाजूला असती. ती मागंच होती. मी बघितलं होतं."

"मग उजवी उजवीच होती."

"आन् डावीला काळी टेप गुंडाळलेली होती. आठवतंय? मला वाटलं, पहिल्यापासूनच असंल."

चांगल्या खुंटीला टेप कोण गुंडाळतं?

"पण चिठ्ठीत ड्रायव्हर साइड लिहिलंय!" पूनम म्हणाली. "ड्रायव्हर काय डावीकडं बसतो?"

आणि बोलता बोलता तिची नजर समोर गेली. नवनाथच्या दारात लग्नाचा मोठा फ्लेक्स लावला होता. 'नवनाथ आणि ललिता'. खाली फोटो. मागच्या आठवड्यात फोटोग्राफरनं त्या दोघांना त्याच उघड्या गाडीत बसवून काढलेला. नवनाथदादा गॉगल लावून स्टिअरिंग धरून बसला होता, गाडीच्या डाव्या बाजूला!

या फ्लेक्सवरून सकाळपासून हशा चालला होता. फ्लेक्सवाल्यानं फोटो उलटा छापला म्हणून नवनाथच्या वडिलांनी, आप्पांनी, त्याला फोनवर झापलंसुद्धा होतं.

पूनम रस्ता ओलांडून धावली, मागोमाग रोहन. ती फ्लेक्सच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"रोहन, फोटोत गाडीच्या मागं बघ. त्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय?"

"रसवंती."

"सरळ का उलटं?"

"सरळ!"

"आन् गाडीचा नंबर?"

"सरळ... अरे बाप रे!"

"फोटो उलटा असता तर अक्षरंबी उलटी आली असती! फोटो बरोबर हाय, रोहन. त्या गाडीचं स्टिअरिंगच डावीकडं हाय! तिची ड्रायव्हर साइड डावी हाय! आपण चांगली खुंटी काढली आन् मोडकी तशीच ठेवली!"

रोहनच्या तोंडून 'ओके' निघालं नाही, 'रिजेक्ट'ही निघालं नाही.

"ती सुटली तर?" त्यानं हळूच विचारलं.

"चौकट मागं फिरंल. लोखंडी पाइप हाय. मागं..." पूनमनं वऱ्हाड गेलं त्या दिशेला बघितलं. "मागं मोनाली बसलीय."

---

आईनं आधी मशीन थांबवलंच नाही. "मी स्वतः हलवून बघितली की जाळी. पक्की होती."

"टेपनं पक्की वाटत होती, आई! ही बघ जुनी खुंटी!"

आईनं खुंटी पाहिली. मग दारातून फ्लेक्स पाहिला. तिचा पाय मशीनवरून खाली आला. जीपवाल्यांशी दिवसभर भांडणारी, कुणाला न भिणारी आई एकदम पांढरी पडली.

"फोन लाव संपतला."

संपतमामांचा फोन वाजत राहिला. नवनाथदादाचाही. ही गाण्यांची वेळ होती, फोनची नव्हे. शेवटी रविराजशेठ लागले.

"काका, मी सुरेखा कुशनमधून पूनम बोलतीय! तुमच्या गाडीची जाळी..."

"झाली ना? मिळाली! छान झालीय!"

"छान न्हाई झाली! चुकीची खुंटी बदलली गेली! गाडी थांबवा, न्हाईतर..."

"हे बघ बाळ," पलीकडं हसू आलं, "पन्नास लग्नं केलीत त्या गाडीनं. उलट आज तर मी जाळीवर नावांचा मोठा बोर्ड मारून दिलाय, थर्माकोलचा! लांबून दिसतो. तू लग्नात जिलेबी खा!"

फोन बंद.

"बोर्ड?" आई उठून उभी राहिली. "जाळीवर बोर्ड? अरे, मग तिच्यातून वारा जाणार कसा? ती जाळी राहिली न्हाई, ते शीड झालं! बसा टेम्पोत!"

पूनमनं जुनी खुंटी आणि स्क्रूड्रायव्हर मुठीत घेतला. दुकानाचं शटर खाली आलं आणि टेम्पो निघाला.

"वीस मिनिटं झाली त्यांना जाऊन," रोहन म्हणाला. "आपण त्यांना गाठणार कसं?"

"न्हावऱ्यापर्यंत रस्ता उकरलाय," आई दात आवळून म्हणाली. "तिथवर कुणालाच पळवता येणार न्हाई. पण पुढं नदीपर्यंत सडक आरशासारखी हाय. तिथं संपत ऐकायचा न्हाई."

न्हावऱ्याच्या पुढं. नदीच्या अलीकडं. पूनमच्या डोक्यात चर्रकन काहीतरी पेटलं.

"आबा!"

ज्ञानदेव आबा म्हणजे आईचे वडील. घरची शेती झाली, पोरं नोकऱ्यांना लागली, तरी आबांनी साठ मेंढरं सोडली नव्हती. या दिवसांत ते नदीच्या अलीकडच्या रानात असत. पूनमनं फोन लावला.

"हॅलो आबा! मी पूनम!"

"कोन?"

"पूनम! पूऽनम!"

"आगं बोल की मंग, वरडती कशापायी?"

"आबा, कुठं हाय तुम्ही?"

"मेंढरांपाशी. आन् कुठं आसनार?"

"आबा, नवनाथदादाच्या गाडीची जाळी निखळणार हाय!"

"जाळी? न्हाई गं! कालच गाठी मारल्या म्या. एक कोकरू भाईर जायचं न्हाई!"

रात्री मेंढरं कोंडायला दोरीची वाघर लावतात. आबांच्या लेखी जगात जाळी म्हणजे तीच.

"वाघर न्हाई आबा! गाडीची! उघडी गाडी, फुलांची, तिच्यात मोनाली हाय! ती सडकेनं येईल. तिला थांबवा! पुढं जाऊ देऊ नका, पोर मरंल!"

पलीकडं मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या.

"नवरदेवाची गाडी म्हाताऱ्यानं हात केल्यावर थांबतीया व्हय?" आबा म्हणाले.

"मेंढरं घाला सडकेवर!" रोहन फोनवर वाकून ओरडला. "सगळी!"

"आन् त्यानं घातली गाडी मेंढरांवर तर?"

"मग काय करायचं, आबा?" रोहननं विचारलं.

"थांबा, म्याच सांगतो," आबा शांतपणे म्हणाले. "वळणापशी न्हाई घालत. सरळ सडकंवर घालतो, कोसभरनं दिसतील. पुढं म्या पटका हालवीत हुभा ऱ्हातो. किती येळ थांबवायची?"

"आम्ही येईपर्यंत!"

"या मंग."

---

तिकडं गाडीनं न्हावरं सोडलं होतं.

मोनाली मागच्या सीटवर दादाशेजारी बसली होती. पुढं ड्रायव्हरशेजारी दादाचा मित्र. मागून येणारे वऱ्हाडाचे टेम्पो बरेच मागं पडले होते. समोर फुलं आणि बोर्ड, त्यामुळं तिला संपतमामांचं डोकंसुद्धा दिसत नव्हतं. पण तिला एक आवाज येत होता.

टक... टक... टक...

बोर्डाच्या खालून, डावीकडून. गाडी जोरात गेली की जोरात. हळू झाली की हळू.

"संपतमामा, कायतरी वाजतंय!"

"बाजा वाजतोय, बाजा!" संपतमामांनी गाण्याचा आवाज वाढवला.

"दादा, खरंच वाजतंय. टक टक!"

"मोने, गप गं. मुंडावळ्या बघ सरळ हायत का."

मित्रानं मागं वळून मोबाइल रोखला. "नवनाथ, उभा राहा की! काय सडक हाय! एक रील होऊ दे!"

नवनाथ हसला. फेटा सावरत उभा राहिला. त्यानं दोन्ही हातांनी चौकट धरली आणि त्याचं सगळं वजन त्या पाइपावर आलं.

टक टक टक टक!

मोनालीला काय झालं कोण जाणे. तिनं दादाचा शेला दोन्ही मुठींत पकडला आणि जीव खाऊन खाली ओढला. "बस! बस! बस!"

"अगं शेला फाटंल! सोड!"

"न्हाई सोडत! बस आधी!"

"ए, ते काय?" मित्र पुढं बघत म्हणाला.

लांब सडकेवर पांढरं-काळं काहीतरी पसरलं होतं. जणू रस्त्यावर कुणी घोंगडी वाळत घातली होती. ती घोंगडी हलत होती. तिच्यापुढं एक माणूस लाल पटका गरागरा फिरवत उभा होता.

"आता ही मेंढरं कुठनं आली!" संपतमामांनी कचकचून शिवी गिळली आणि वेग कमी केला. गाडी थांबली. हॉर्नवर हात गेला.

"ओ आबा! काढा की बाजूला! मुहूर्त हाय!"

"व्हय व्हय," आबा म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. "मुकी जनावरं. त्येंच्या मनात यील तवा हालतील."

"अहो, तुमची न् तुम्हाला हाकता येत न्हाईत?"

"चाळीस वरसं हाकतोय, पर आज ऐकंनात बगा. कुनाचं लगीन म्हनायचं?"

"आबा!"

"पोरगी कुठली?"

मागचे टेम्पो येऊन थांबले. नवनाथचे आप्पा उतरले, नवरदेवाचे दोघेतिघे मामा उतरले. प्रत्येकानं 'हुर्र' करून बघितलं. मेंढरं एकीकडून सरकायची आणि आबांच्या एका बारीक शिट्टीवर दुसरीकडून परत यायची. मोनाली मात्र खाली उतरून एका कोकराला गजऱ्यातली फुलं भरवत बसली होती. घागऱ्याची आठवण कुणालाच नव्हती.

बऱ्याच वेळानं टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. पूनम टेम्पो थांबायच्या आत उतरली. मोनालीला रस्त्याच्या कडेला बसलेली पाहून ती आधी तिच्याकडं धावली.

"म्हणजे हे तुमचं काम?" आप्पा कडाडले. "सुरेखा, मेंढरं घालून नवरदेव अडवायचा? ही काय चेष्टा?"

"आप्पा, जाळीची खुंटी मोडकी हाय," पूनम म्हणाली. "चौकट सुटून मागं पडंल."

"मोडकी?" संपतमामा चिडून पुढं आले. "कालच दिली होती ना बदलायला? ही बघा!" त्यांनी उजवीकडची फुलं बाजूला केली आणि चौकट गदागदा हलवली. जराही हलली नाही. "पक्की! नवीकोरी! उगंच पोराटोरांच्या नादानं वेळ घालवता!"

"चला, चला! बसा गाडीत!" नवरदेवाचा एक मामा ओरडला. नवनाथनं मोनालीला हाक मारली. ती उठली.

सगळी मोठी माणसं एकदम बोलत होती. आई तोंड उघडणार, एवढ्यात पूनमच पुढं झाली आणि संपतमामांच्या वाटेत उभी राहिली.

"मामा, एकच सांगा. ड्रायव्हर साइड कुठली?"

"ही काय! माझी!" संपतमामांनी डाव्या दारावर थाप मारली.

"मग तुम्ही आत्ता हलवून दाखवली ती कुठली?"

संपतमामांचा हात दारावरच राहिला. त्यांनी उजवीकडं बघितलं. डावीकडं बघितलं.

"चिठ्ठीत तुम्ही ड्रायव्हर साइड लिहिलं," पूनम म्हणाली. "आम्ही गाडी बघितलीच नव्हती. आम्ही उजवी बदलली."

ती डाव्या बाजूला गेली. शेवंतीच्या माळा वर केल्या. बोर्डाखाली काळी टेप होती, निम्मी उकललेली. तिनं फक्त दोन बोटं लावून चौकट मागं ढकलली.

कट्!

खुंटीचा तुकडा सीटखाली उडाला. पाइपाची चौकट बोर्डासकट भर्रकन मागं फिरली आणि मागच्या सीटवर आदळली. जिथं दोन गजरेवाली पोर बसली होती, बरोबर तिथं! पाइपानं सीटचं रेक्झिन वीतभर फाटलं.

मोनालीची आई मागच्या टेम्पोजवळ उभी होती. तिनं धावत येऊन मोनालीला पोटाशी धरलं आणि ती रडायलाच लागली. नवनाथनं डोक्यावरचा फेटा काढला.

"ती मला सांगत होती," तो म्हणाला. "टक टक वाजतंय म्हणून. मी गप केलं तिला."

"चूक माझ्या दुकानाची हाय," आई सगळ्यांसमोर स्पष्ट म्हणाली. "गाडी न बघता मी काम हातात घेतलं."

"खुंटी मी बदलली," पूनम म्हणाली.

"आन् ओके मी म्हटलं," रोहननं मान खाली घातली.

संपतमामांनी घाम पुसला. "चिठ्ठी कुणी लिहिली? म्याच ना? आन् जाळी मिळाल्यावर चादर सोडून बघितलीबी न्हाई. फुलवाल्याच्या पोरांना म्हटलं, बसवा."

"भांडणं नंतर!" आई म्हणाली. "पूनम, खुंटी."

पूनमनं मूठ उघडली. चांगली असूनही काढून टाकलेली ती खुंटी तिच्या तळव्यात रुतून तांबडी खूण उमटली होती. दोन्ही बाजूंच्या खुंट्या एकाच मापाच्या. रोहननं तरी बोटानं मापून घेतलं, भोकात घालून बघितलं, काढलं, परत घातलं. या वेळी त्याला कुणी हसलं नाही. पूनमनं स्क्रू आवळला. आईनं बोर्ड काढून टेम्पोत टाकला.

"अहो, नावं!" मित्र कुरकुरला. "नावं दिसायला नकोत?"

"नावं पत्रिकेत हायत," आई म्हणाली. "जाळीवर एक माळसुद्धा न्हाई राहणार. तिला वारा गाळू दे. आन् नवनाथ, उभं राहायचं ते मांडवात!"

"व्हय, सुरेखाताई," नवरदेव मुकाट्यानं म्हणाला.

संपतमामांनी चौकट डावीकडून हलवली. उजवीकडून हलवली. मग लोंबकळून बघितलं.

आबांनी एक लांब शिट्टी घातली. साठच्या साठ मेंढरं, इतका वेळ कुणाचं न ऐकणारी, एका ओळीनं सडकेखाली उतरली.

"आरं तिच्या!" आप्पा बघतच राहिले. "म्हंजी येत होतं की हाकायला!"

"आत्ता मनात आलं त्येंच्या," आबा म्हणाले.

मेंढरं शेजारच्या मेंढक्यावर सोपवून, पटका बांधून, तेही टेम्पोत बसले. गाडी पुढं आणि टेम्पो मागं, असं वऱ्हाड सायकलच्या वेगानं नदीवरच्या पुलावर आलं. मोनाली आता टेम्पोत पूनमच्या मांडीवर होती. तिनं साफ सांगितलं होतं, "मी जाळीच्या गाडीत न्हाई, शिवणाऱ्यांच्या गाडीत येणार!"

मुहूर्त चुकला नाही. दौंडच्या कार्यालयात अक्षता वाटून झाल्या होत्या आणि माइकवाला नेहमीप्रमाणं पाहुण्यांची नावं घेत होता. अमुक गावचे सरपंच, तमुक सोसायटीचे चेअरमन. नावं संपता संपेनात. एवढ्यात आप्पा स्टेजवर चढले आणि त्यांनी माइकवाल्याच्या हातातला कागद काढून घेतला. त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. माइकवाल्यानं खाकरून आवाज लावला.

"तळेगाव ढमढेरेच्या सुरेखाताई, कुमारी पूनम, सणसवाडीचे कुमार रोहन, आणि न्हावऱ्याचे ज्ञानदेव आबा, आपल्या साठ मेंढरांसह... यांचं या मंगल प्रसंगी सहर्ष स्वागत! यांच्यामुळंच आज नवरदेव आणि करवली मांडवात सुखरूप उभे आहेत!"

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसं मेंढरं शोधायला मागं वळून बघायला लागली.

"म्या मेंढरं न्हाई आनली!" आबा शेवटच्या रांगेतून ओरडले. "उगं जेवनाचा हिशेब चुकंल!"

हसण्याच्या गडबडीत आप्पांनी पूनमला आणि रोहनला पुढं बोलावून दोघांना फेटे बांधले. पूनमचा फेटा कानावर आला. नवरी ललिता वाकून म्हणाली, "माझ्या दारात येणारा नवरदेव तू नीट आणलास गं."

स्टेजवर मोनाली भावाच्या मागं हातात करा धरून ताठ उभी होती. घागऱ्याला मातीचे डाग, गजऱ्यात एकही फूल नाही, आणि चेहऱ्यावर साऱ्या वऱ्हाडाची जबाबदारी. तिला तशी धडधाकट उभी बघताना पूनमच्या डोळ्यांत आत्ता कुठं पाणी आलं. तिनं ते फेट्याच्या शेमल्यानं पुसलं.

आई शेजारी येऊन उभी राहिली. कौतुकाचे शब्द तिला फारसे येत नसत. तिनं पूनमचा घसरलेला फेटा सरळ केला.

"सोमवारपासून दुकानातल्या सगळ्या खुंट्या तूच बसवायच्या," ती म्हणाली.

"मी?" पूनमला खरंच वाटेना. "आज एवढी चूक केली तरी?"

"म्हणूनच. आता तुझ्या हातून गाडी बघितल्याशिवाय स्क्रू फिरणार न्हाई."

"ओके!" मागून रोहन म्हणाला आणि समोर मंगलाष्टकं सुरू झाली.